नुसता हार

शेजारच्या द्वारकाबाई टँकर आल्याचं सांगायला आल्या आणि सांगायचं विसरून भिंतीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, हात जोडले, थोडा वेळ डोळे मिटले आणि मग अगदी खालच्या आवाजात मला विचारलं, "कधी वारले वो हे? लई तरणे दिसतेत."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. ती मी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली. प्रश्न साधा होता. हार घातलेला फोटो दिसला की आपल्याकडे कुणीही हात जोडतं आणि हेच विचारतं. मीही कित्येक घरांत विचारलं आहे. पण सोनाजीविषयी, माझ्या थोरल्या भावाविषयी, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "तुम्ही टँकरचं काही सांगत होतात का?" मी म्हणाले. "अगं बाई, व्हय की!" म्हणत त्या चपला अर्धवट पायात अडकवून पळाल्या. जिन्यातून त्यांचा आवाज आला, "बाई, तुम्ही नका उतरू! तुमचा ड्रम आमचा शिवम भरंल!" खाली हंडे आपटायला लागले, कुणीतरी कुणाचा तरी पाइप ओढला म्हणून भांडण सुरू झालं. पुंडलिकनगरात त्या उन्हाळ्यात भांडण झालं की समजायचं, पाणी आलं. मी मात्र खुर्चीत बसून राहिले. समोरच्या भिंतीवर सोनाजी होता, आणि त्याच्याभोवती गुलाब.

सकाळी मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात प्रांजलीने ती फ्रेम टांगली. प्रांजली माझी नात. तिचे आईवडील नांदेडला असतात, ती माझ्याजवळ राहून जालना रोडवरच्या एका छपाईच्या ऑफिसात कामाला जाते. संगणकावर पत्रिका करते, चौकाचौकांत लागतात ते वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फलक करते. मी बाहेर आले तर ती हेल्मेट काखेत धरून उभी. "आजी, किती वर्षं मधली जागा रिकामी ठेवलीस! बघ आता. मामाआजोबा कसे फिट्ट बसले." मी काही बोलायच्या आत तिने माझ्या गालाला गाल लावला आणि गेली. तिला उशीर झाला होता. ती खुशीत होती. माझं जुनं चित्र तिने कुठे ठेवलं ते विचारायलाही मला सुचलं नाही.

ते चित्र म्हणजे एका जुन्या कॅलेंडरचं पान. बहात्तरच्या दुष्काळात मी आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होतो. मजुरांना सुकडीचं पौष्टिक पीठ वाटायची पत्र्याची एक खोली होती आणि परदेशातून मदत पाठवणाऱ्या कुठल्याशा संस्थेचं कॅलेंडर तिथे खिळ्याला लटकत असे. रांग सावकाश पुढे सरके. माझी नजर जाईल तिथे उन्हाने पांढरी झालेली जमीन, पांढरी खडी, लोकांच्या भुवयांवर बसलेली पांढरी धूळ. आणि त्या खोलीत शिरलं की काळ्या अंधारातून उमलून आलेली ती फुलं. मी अशी फुलं पाहिली नव्हती. गुलाब ओळखू येत होते, पण पाकळ्यांवर लाल पट्टे ओढलेली ती उभी पेल्यासारखी फुलं कोणती, ती बारीक निळी कोणती, काही ठाऊक नव्हतं. काटेरी पानंसुद्धा रंगवली होती आणि एका पानावर फुलपाखरू बसलं होतं. सगळी फुलं एका दगडी चौकटीभोवती गुंफलेली, आणि चौकटीच्या मध्ये काही नाही. देवळाच्या भिंतीत देव चोरीला गेलेली देवळी असते ना, तशी ती जागा. मी रोज सुकडी घ्यायच्या आधी त्या जागेत डोकावून बघत असे, जणू आज तरी आत कुणी आलं असेल.

महिना संपत आला तेव्हा मी मुकादम काकासाहेबांना म्हणाले, हे पान मला द्या. ते म्हणाले, "पोरी, तारखा मला लागत्यात हजेरीला." मग थोडा विचार करून त्यांनी पट्टी लावली आणि वरचं चित्र फाडून दिलं, तारखांचा खालचा तुकडा पुन्हा खिळ्याला अडकवला. मी ते पान पदराखाली धरून घरी आणलं. आईने चुलीपुढे बसूनच बघितलं. आमच्याकडे भिंतीवर एकही चित्र नव्हतं. "कुणाचा हार हाय ह्यो? माणूस कुठं हाय?" "माणूस नाही आई. नुसता हार आहे." आईने हातातली काटकी चुलीत सारली. सोनाजीला मेंढरं घेऊन जाऊन तेव्हा चार-पाच महिने झाले होते, आणि वाडीतल्या बायका तिच्याशी बोलताना आवाज खाली घ्यायला लागल्या होत्या. ती म्हणाली, "मंग लाव भिताडाला. ज्यानं काढलाय त्याला अक्कल व्हती. मधी कुणाला बसिवलं नाय."

इतकी नेमकी दाद त्या चित्रकाराला त्याच्या देशात तरी कुणी दिली असेल का, असं मला पुढे अनेकदा वाटलं. मी दहावी झाले, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, औरंगाबादला शिकायला आले, मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई झाले. कॉलेजच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात माझा हार मला अचानक भेटला, तोच नाही, पण त्याचाच भाऊ शोभेल असा. खाली नाव होतं. डॅनियल सेघर्स, अँटवर्प. नावाचा उच्चार मला आजही धड येत नाही. मी शब्दकोश घेऊन ती दोन पानं वाचली. चारशे वर्षांपूर्वीचा फ्लँडर्सचा माणूस, ख्रिस्ती मठातला ब्रदर. जन्मभर फुलं काढली. चित्रं विकली नाहीत, मठाने ती राजेरजवाड्यांना भेट दिली. आणि पुढचं वाचून मी पुस्तक मिटून बसले: तो हार काढायचा आणि मधली जागा बहुतेक वेळा दुसऱ्या चित्रकारासाठी सोडायचा. तिथे दुसरा कुणी देवाची आई काढी, बाळ काढी, संत काढी. लोक देवापुढे गुडघे टेकत असतील तेव्हा कडेच्या फुलांकडे कोण बघणार होतं? आणि काही हार तर तसेच राहिले, मधला माणूस आलाच नाही. तरी पाकळीची एक कड त्याने घाईत काढलेली नाही. मी तीस-बत्तीस वर्षं मुलींना शिकवलं. चित्र काढायला घेतलं की प्रत्येक मुलगी आधी कागदाच्या मधोमध काहीतरी मोठं ठोकून देते आणि मग कडेला काय करावं ते तिला कळत नाही. मी म्हणत असे, मुलींनो, कड नीट काढा, मधलं आपोआप येतं. त्या हसायच्या.

आणखी एक मला फार उशिरा समजलं. तिकडे फुलांचे ऋतू कडक असतात. ती पट्ट्यांची फुलं वसंतात येऊन संपतात, तेव्हा गुलाबाला कळीही नसते. म्हणजे एका हारातली ती फुलं बागेत एकमेकांना कधी भेटलेलीच नसतात. हे फूल यंदा पाहून ठेवायचं, ते पुढच्या हंगामात, मग आपल्या चित्राच्या फळीवर त्यांची गाठ घालून द्यायची. बीबी का मकबऱ्याच्या भिंतींवर चुन्याची फुलं आहेत, तीही सुंदर आहेत, मुलींना मी तिथे नेत असे. पण ती एका जातीची, एका तालातली. ह्या माणसाने न भेटणाऱ्यांना भेटवलं, तेही कुणाला शंका येऊ न देता. हे मनात आलं की मी आमच्या घरात एकटीच उभी राहून त्या फाटक्या कडेच्या पानाला मनोमन नमस्कार करी.

पण हे सगळं कौतुक मी प्रांजलीला सांगितलं होतं. दुसरं जे होतं ते सांगितलं नव्हतं. वाडीतला कडुबा मेंढरं घेऊन पावसाळ्यात परत आला, निम्मी राहिली होती. तो आणि सोनाजी बरोबर गेले होते. त्याने सांगितलं की हिंगोलीच्या अलीकडे सोनाजी चारा बघायला पुढे गेला, दोन दिवसांत येतो म्हणाला. एवढंच. त्यानंतर काही नाही, बरंही नाही, वाईटही नाही. आई रोज दिवेलागणीला उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवायला लागली. बाहेरून माणूस आलं की आधी पाणी द्यायचं, त्यात विशेष नव्हतं. पण ज्या वर्षी तोंड धुतलेलं पाणी कोकराला पाजायचं, त्या वर्षी एक तांब्या नुसता ठेवायचा म्हणजे काय, ते आम्हालाच ठाऊक. सकाळी ते पाणी ती कोकराला देई. गेलेल्या माणसाचा करतात तसा सोनाजीचा चांदीचा टाक करून देवघरात बसवा असं भावकीने सुचवलं, तर तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मग जायकवाडीचं धरण भरलं. नाथसागराच्या पाण्यात आमची वाडी गेली, उंबरा गेला. सामान गाडीत चढवलं तरी आई उठेना. "त्यो येईल तर कुठं येईल?" तिला दोघांनी धरून उचललं. त्यानंतर तिचा तांब्या पैठणच्या नव्या घराच्या दाराशी राहिला, आणि ती गेल्यावर माझ्या दाराशी आला. इथे पुंडलिकनगरात मी राहायला आले तेव्हा पलीकडे शेतं होती, संध्याकाळी मेंढरांचा आवाज येई आणि माझा हात आपोआप तांब्याकडे जाई. आता शेतांच्या जागी इमारती आहेत, खाली जिम आहे. तांब्या चपलांच्या कपाटावर असतो. रात्री भरलेला, सकाळी रिकामा. प्रांजली आवरताना कुंडीत ओतत असेल असं मी धरून चालले होते. ती कधी बोलली नाही, मीही नाही.

त्याच टँकरच्या उन्हाळ्यात जायकवाडीचं पाणी इतकं मागे सरलं की वाडी वर आली. पैठणहून कुणीतरी फोन केला. मी आणि प्रांजली एसटीने गेलो, मग रिक्षाने, मग भेगाळलेल्या गाळातून चालत. घरांची जोती दिसत होती, फुटका रांजण, एक जातं. आमचा उंबरा मी ओळखला. त्याच्या उजव्या अंगाला विळ्याला धार लावून लावून खोलगट झालेली जागा होती. प्रांजलीने फोटो काढले. परत येताना एसटीत ती म्हणाली, "मामाआजोबांचा एकही फोटो नाही का गं?" होता. नाथषष्ठीच्या जत्रेत काढलेला एकच. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर कारंजं, स्टुलावर कागदी फुलांचं भांडं, आणि त्याच्या शेजारी खांद्यावर घोंगडी टाकून ताठ उभा सोनाजी. फोटोवाला सारखा म्हणत होता, हसा, हसा. शेवटी सोनाजी म्हणाला, "मेंढरं हसत्यात का? मंग मीच कशाला?" मी पडद्यामागे उभी राहून हसत होते. "पुतळे, तू बी ये की," त्याने मला नावाने हाक मारली. मी लाजले, गेले नाही. तो फोटो मी प्रांजलीला दिला. ती म्हणाली, "याला नीट करते, डाग काढते." मला वाटलं होतं, एवढंच.

आता तो माझ्या समोर होता. घोंगडी, स्टूल, कारंजं काही उरलं नव्हतं. प्रांजलीने संगणकावर नुसता चेहरा माझ्या हाराच्या मधोमध बसवला होता आणि त्याला चित्रातल्या अंधाराचा रंग दिला होता, त्यामुळे तो खरोखर त्या दगडी देवळीच्या आतून बाहेर बघतो आहे असं वाटत होतं. काम चांगलं होतं. माझ्यातली चित्रकलेची बाई ते बघत होती आणि बहिणीला ते बघवत नव्हतं. आईने ज्या जागेसाठी त्या माणसाला अक्कलवान म्हटलं ती जागा भरली होती. आणि घरातल्या पोरीने ती भरली, कारण तिला कधी शंकाच आली नाही. तिच्या लेखी तो केव्हाच वारलेला होता. तिच्याच काय, अंगदच्या, माझ्या मुलाच्या लेखीही. मी समजत होते की घर माझ्याबरोबर वाट बघतं आहे. वाट बघणारी मी एकटीच होते, आणि तेही कुणाला माहीत नव्हतं. मी उठले, स्टूल ओढलं, फ्रेमला हात घातला. काढून ठेवावी. संध्याकाळी प्रांजलीला काहीतरी सांगता येईल, खिळा सैल होता म्हणावं. पण इतक्या जवळ गेल्यावर सोनाजीच्या मिशीचे चार कोवळे केस दिसले आणि माझे हात तसेच राहिले.

"पडाल की वो बाई! उतरा आधी." द्वारकाबाई परत आल्या होत्या, पदर भिजलेला, तोंड लाल. खालच्या भांडणातला विजय अजून त्यांच्या आवाजात होता. हातात एक जास्वंद. त्यांच्या गॅलरीत कुंडी आहे, भांडी विसळलेल्या पाण्यावर त्यांनी ती जगवली होती आणि त्या दिवसांत तिला कधीमधी एखादं फूल येई. "गणपतीला काढलं व्हतं. पर म्हणलं, आज ह्यांच्यापुढं ठिवावं. सकाळी नुसतेच हात जोडले मी." त्यांनी फूल पुढे केलं. मी स्टुलावरून उतरले, पण हात पुढे केला नाही. ते फूल घेतलं की झालं, एवढं मला कळत होतं. "कोण वो तुमचे?" त्यांनी विचारलं. "भाऊ. थोरला." "थोरला?" त्यांनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे, आणि त्यांना हसू आवरेना. "माफ करा बरं का. मला तर वाटलं, नातू हाय तुमचा."

मीही बघितलं. खरंच होतं. प्रांजलीपेक्षाही तो लहान दिसत होता. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते तो हा होता, कोवळ्या मिशीचा, घोंगडीवाला, पुतळे म्हणणारा. उद्या दार वाजलं आणि सोनाजी खरोखर आला, तर तो काठी टेकत आलेला सत्तरीचा म्हातारा असेल. त्याला मी आत घेईन, पण ह्या पोराला कोण परत आणणार? हा कुठल्याच वाटेने येण्यातला नव्हता. हा आणि मी आता एका ऋतूतले नव्हतो. आमची गाठ पडायची तर ती अशाच ठिकाणी, जिथे वसंतातलं फूल गुलाबाशेजारी बसतं आणि कुणाला शंका येत नाही. चारशे वर्षांपूर्वी मेणबत्तीच्या आणि थंडीच्या गावात एका माणसाने ती जागा करून ठेवली, कोण येईल ते ठाऊक नसताना, आणि त्याच्या कडेची पाकळीन् पाकळी मन लावून पुरी केली. ह्यापेक्षा चांगला हार माझ्या भावाला कुणी घातला असता?

"बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं घेऊन गेला होता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच शिकवणीतल्यासारखा वाटला. "परत आला नाही. तिकडंच वारला असणार." हे वाक्य मी पहिल्यांदा बोलत होते. द्वारकाबाई सिल्लोडकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांना बहात्तर समजावून सांगावं लागत नाही. त्या खालीच बसल्या. मी म्हणाले, "एकच वाटतं. शेवटी कुणी पाणी तरी दिलं असेल का?" त्यांनी थोडा विचार केला, उगीच धीर द्यायचा म्हणून नाही, खरोखर विचार केला. "दिलं असंल," त्या म्हणाल्या. "त्या सालात भाकर नसंल दिली कुणी. पर पाणी दिलंच असंल. दारात आल्यालं माणूस बिनपाण्याचं कोण वाटंला लावतंय?"

मी जास्वंद घेतली. ठेवायला काही सापडेना, दांडी लहान होती. चपलांच्या कपाटावर तांब्या होता, सकाळचा रिकामा. मी तो माठातल्या पाण्याने भरला आणि फूल त्यात सोडून फ्रेमखालच्या टेबलावर ठेवला. द्वारकाबाईंनी पुन्हा हात जोडले. मीही जोडले. मग त्या ड्रमचं झाकण नीट लावा म्हणून बजावून गेल्या.

दिवसभर मी तिथेच वावरत होते. दुपारच्या उन्हात सेघर्सचे गुलाब जसेच्या तसे, फुलपाखरू जागच्या जागी, आणि खालची खरी जास्वंद हळूहळू मिटत चाललेली. दोन्हीकडे बघायला बरं वाटत होतं. दिवेलागणीला सवयीने मी दाराशी गेले, कपाटावर हात ठेवला आणि तशीच परतले.

थोड्या वेळाने प्रांजली आली. हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले, ओढणी धुळीने भरलेली. तिचा हात सरळ कपाटाकडे गेला आणि रिकामा फिरला. "आजी, आज माझं पाणी कुठंय?"

"तुझं?"

"तांब्या गं. रोज ठेवतेस ना तू माझ्यासाठी. गाडीवरून आलं की घसा असा सुकतो, मी इथं उभ्या उभ्याच पिते सगळा." मग तिला टेबल दिसलं, तांब्या दिसला, फूल दिसलं. माझ्याकडे बघत तिने विचारलं, "आजी, आवडलं ना तुला? का मी चुकले काही?"

"छान बसवलंस त्याला," मी म्हणाले. "थांब, बूट काढ आधी."

मी आत गेले, माठातून पेला काठोकाठ भरला, आणि दारात आलेल्या माणसाच्या हातात दिला.